गुरुवारची साक्ष

अर्विंग, टेक्सस,
१४ सप्टेंबर २००८

ती. दादास साष्टांग नमस्कार,

ह्यूस्टनच्या वादळाच्या बातम्या पाहून वहिनी घाबरल्या असतील. आमच्याकडे नुसता पाऊस झाला. सीमाची पाठ आता बरी आहे. काल मंडळाचा गणपती होता, जेवणातले मोदक कच्चे होते.

आरतीनंतर मनोहरकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, अनिका गुरुवारी टीव्हीवर ना?" गेल्या वर्षी याच मंडळाने 'व्हाइट हाउसमधली आपली वकील' म्हणून तिला शाल दिली होती. काल जेवताना आमच्या शेजारची खुर्ची कुणी घेईना. मी प्रसाद न घेताच निघालो.

तिने नोकरी सोडली, हे तुला माहीतच आहे. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांच्या एका चौकशीत इथल्या संसदेने तिला गुरुवारी साक्षीला बोलावलंय. व्हाइट हाउसने तिला बजावलं होतं, हा राष्ट्राध्यक्षांचा विशेषाधिकार आहे, जायचंच नाही. कोर्ट म्हणालं, एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाकारता येईल, पण हजर राहावंच लागेल. राष्ट्राध्यक्षांची माणसं काही कायद्याबाहेरची नाहीत. तू न्यायाधीश होतास, तुला यात नवल वाटणार नाही. माझ्या मात्र जिवाला घोर लागलाय. फोन वाजला की उठतो, नाही वाजला तरी उठतो. सीमा म्हणते, "एका जागी बस रे जरा!"

दादा, मी उगाच इकडचं तिकडचं लिहितोय. मंगळवारी अनिकाचा फोन आला होता. मी तिला म्हणालो, "सरळ 'आठवत नाही' म्हण. कोण तपासणार आहे?"

"बाबा, अंडर ओथ? दॅट्स अ लाय!" मग म्हणाली, "तू फक्त ये. माझ्या मागे बस."

मी म्हणालो, माझ्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, सुट्टी मिळणार नाही.

रिलीज-बिलीज काही नाही. मला भीती वाटते. इतकी वर्षं इथे मान खाली घालून काढली, आणि आता आपलं आडनाव लावून पोरगी थेट राष्ट्राध्यक्षांच्या माणसांविरुद्ध बोलणार. उद्या कुणी घरावर दगड मारला तर? तू जन्मभर 'आठवत नाही, साहेब' म्हणणारे साक्षीदार पाहिलेस. तुझा भाऊ पोरीला तेच शिकवत होता. लाज वाटते रे.

मला हवं तेवढं रागाव, पण ही ईमेल वाचताच, गुरुवारच्या आत, तिला फोन कर. कायदा सांगू नकोस, तो तिला येतो. नुसतं 'घाबरू नकोस' म्हण. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

बुधवारच्या विमानाचं तिकीट काढलंय. तिला कळवलेलं नाही. ऐन वेळी माझा पाय निघाला नाही, तर तिने मागे वळून रिकामी खुर्ची पाहिलेली मला सोसणार नाही. म्हणून तुला लिहितोय. तुला लिहिल्यावर मला मागे फिरता येणार नाही.

तुझ्यापुढे शब्द देऊन बसलेला,
शैलेंद्र