शुक्रवारच्या एन्चिलाडा

लारेडो, टेक्सस
२४ फेब्रुवारी १९८७

ति. एलोदियाताईस,
एवारिस्तोचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक, एक अंपारो सोडून. तुझी भावजय मागच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घातलंय. त्या हातानं काम होत नाही, पण माझ्या चुका दाखवायला तो हात पुरतो.

खरी बातमी पुढेच आहे. आपल्या ओरालियाचं जमलं. मुलगा एरिबेर्तो, शाळेत गणित शिकवतो. त्याच्या घरची माणसं २० मार्चला रीतसर मागणी घालायला येणार. शुक्रवार आहे, पण त्याच्या वडिलांना रेल्वेतून सुट्टी त्याच दिवशी मिळते. एरिबेर्तोला आजीनं वाढवलं. ही आजी, दोन्या कासिमिरा, रोज पहाटे चर्चला जाते, आणि त्या घरात तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. ओरालिया परवा मला म्हणाली की, आजीच्या मनात भरले नाही तर एरिबेर्तो माघार घेणार नाही, पण मी त्या घरात जन्मभर पाहुणीच राहीन. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

अंपारो म्हणते, हॉटेलातून मागवू. मी म्हटलं, मुलगी मागायला आलेल्यांना विकतचं वाढायचं? आईच्या त्या ओव्हनमध्ये भाजलेल्या बीफ एन्चिलाडा मी स्वतः करणार आहे. हसू नकोस. फ्रिज उघडून जोडायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं, आज अर्धं लारेडो माझ्यामुळे थंड पाणी पितं. अडचण इतकीच की आई सगळं अंदाजानं करायची आणि मला अंदाज चालत नाही. वजन, मिनिटं, अंश, सगळं लिहून कळव. फोनवर नको, मापं कानातून गळून जातात. घरात फक्त 'एन्चिलाडा' एवढंच सांगितलंय, आत काय भरणार ते गुपित आहे.

मेहुण्यांना नमस्कार. धाकट्यावर लोभ आहेच, तो कृतीच्या कागदावरही उतरू दे.

तुझा,
एवारिस्तो

कॉर्पस क्रिस्ती
५ मार्च १९८७

चि. एवारिस्तो यास,
एलोदियाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या मेहुण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवारिस्तो ओव्हन आधी खोलून बघेल, मग पेटवील. काल राखेचा बुधवार होता. चर्चमधून कपाळावर राख घेऊन आले आणि तशीच हे लिहायला बसले, पण गुडघ्यांनी अर्ध्यावरच उठवलं. म्हणून तारीख आजची.

अडीच पौंड बीफचा खिमा घे. जाड बुडाच्या कढईत त्याचं पाणी पूर्ण आटू दे, मगच कांदा, लसूण आणि भाजून कुटलेलं जिरं घाल. आईचा हात जिऱ्याला सैल होता, तुझाही असू दे. वाळलेल्या रुंद मिरच्यांचे देठ-बिया काढून त्या तव्यावर नुसत्या टेकव. काळ्या पडल्या की रस्सा कडू होतो, आणि त्या कडूपणाला औषध नाही. मग भिजव, वाट आणि गाळ. रस्सा खिम्यापासून वेगळाच ठेव.

टॉर्टिया मक्याच्याच, आणि कालच्या. ताज्या असल्या की गुंडाळताना फाटतात. प्रत्येक टॉर्टिया आधी गरम तेलात बुडवून काढ. मऊ झाली पाहिजे, कुरकुरीत नव्हे. ही पायरी गाळलीस तर ओव्हनमधून एन्चिलाडा नाही, लापशी निघेल. मग रस्स्यात बुडव, खिमा भर, गुंडाळ, शिवण खाली करून ट्रेमध्ये लाव. वरून रस्सा आणि पिवळं चीज. साडेतीनशे अंश, वीस मिनिटं. तेलाचे अंश मात्र विचारू नकोस. टॉर्टिया तेलात सोडली की तिनं हळू बोललं पाहिजे. आरडाओरडा केला तर आच कमी कर. तू थर्मामीटर घालशीलच, ते मला ठाऊक आहे.

ओरालियाला जवळ घेऊन माझा मुका दे. अंपारोचा हात जप. ताईवरचा राग आणि माया, दोन्ही आहेत तितकी राहोत.

तुझी,
एलोदियाताई

लारेडो
२३ मार्च १९८७

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बसून वाच. तुझं माप शब्दशः पाळलं. मिरची काळी पडू दिली नाही, खिम्याचं पाणी आटवलं, आणि ट्रेमध्ये एन्चिलाडा अशा ओळीत लावल्या की सुतारानं पट्टी ठेवून बघावं. अंपारोला दुपारपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ट्रे ओव्हनमधून काढला, चीज बुडबुडत होतं, आणि ओरालिया कामावरून आली. दारातच थबकली. वास घेतला. मला वाटलं, कौतुक करणार.

ती म्हणाली, "पप्पा, आज शुक्रवार आहे. उपासातला."

ताई, मी ओव्हनचा अंश अंश मोजला आणि वार विसरलो! त्या देवभक्त बाईच्या पुढे, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी, जेव्हा मांसाला शिवायचंही नाही, बीफ. अंपारो भिंतीला टेकून बसली. ती धरूनच चालली होती की शुक्रवार म्हणजे आत चीजच असणार. मग ती सावरली आणि म्हणाली की शेजारचे बॅप्टिस्ट आहेत, त्यांना शुक्रवार लागत नाही, ट्रे त्यांच्याकडे पाठवा, खिडक्या उघडा आणि तोंड मिटा. ओरालियाचा चेहरा बघवेना. खिडकी उघडायला मी हात घातला खरा, पण तेवढ्यात दाराशी गाडी थांबली.

पाहुणे आत आले. दोन्या कासिमिरा इवलीशी बाई, पण नाक शाबूत. नमस्काराआधीच मी सांगून टाकलं की ट्रे भरून बीफ केलंय, वार माझ्या लक्षात राहिला नाही, मुलीचा यात काही दोष नाही. एरिबेर्तोचे वडील बुटांकडे बघत राहिले. म्हातारीनं विचारलं, टॉर्टिया उरल्यात का? उरल्या होत्या. बिनमांसाचा रस्सा? अर्धं पातेलं. चीज, कांदा? तिनं अंगावरची शाल नातवाच्या हातात दिली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली.

मी तेलात बुडवत होतो, ती गुंडाळत होती. माझा थर्मामीटर तिनं दोन बोटांनी उचलून ओट्यावर ठेवला. म्हणाली, ही काचेची कांडी घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे जा, तेलाचं मी बघते. मग बीफच्या ट्रेमधल्या माझ्या सरळ ओळींकडे बघून म्हणाली की तुमच्या एन्चिलाडा मिलिटरीतल्या दिसतात. अंपारो हसली, पडल्यापासून पहिल्यांदा.

मागणीचं भाषण एरिबेर्तोच्या वडिलांनी पाठ करून आणलं होतं. ते तसंच राहिलं. म्हातारीनं कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी, माझ्याकडे न बघता विचारलं, "खिडकी उघडून बसला असतात तरी माझ्या नाकाला कळलंच असतं. तुम्ही आधी बोललात, बरं वाटलं. आता ओरालिया आम्हाला देता का, तेवढं बोला."

मी ओरालियाकडे बघितलं. दारात उभ्या तिनं होकाराची मान हलवली. मी हो म्हणेपर्यंत माझ्या हातची टॉर्टिया जळाली.

त्या रात्री आम्ही सगळे चीजच्या एन्चिलाडा जेवलो. शनिवारी दुपारी तीच मंडळी पुन्हा आली आणि बीफचा ट्रे संपवला. म्हातारीनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. जाताना रिकामा ट्रे काखेत मारला, मी घासून पाठवते म्हणाली. देवाचे, तिचे आणि तुझे उपकार मानतो. तुझी कृती नसती तर रस्सा वेगळा ठेवला नसता, आणि उरला नसता तर काय वाढलं असतं?

तुझ्या मायेच्या सावलीत आहे, तसाच ठेव.

एवारिस्तो

कॉर्पस क्रिस्ती
२७ मार्च १९८७

चि. एवारिस्तो,
आशीर्वाद.

मेहुणे हसून खोकायला लागले. मी मात्र हसले नाही. तू स्वच्छ लिहिलं होतंस, शुक्रवार. मी उपवासकाळ सुरू होतानाच, कपाळावर राख लावून, तुला अडीच पौंड बीफ सांगितलं! तुझ्यापेक्षा मी मोठी, तेव्हा पापाचा मोठा वाटा माझा. फादरांकडे कबुली देऊन मोकळी झाले. आता त्या बाईला माझा नमस्कार सांग. माझ्या भाचीला तिनं पाहुणी ठेवणार नाही असं स्वतःच्या हातांनी सांगितलं, याहून मी काय मागू? ट्रे परत आला का? आईचा आहे तो, विसरू नकोस. लग्नाची तारीख कळव.

अंपारोला आणि तुला, दोघांना धरून ठेवणारी,
एलोदियाताई

लारेडो
३ एप्रिल १९८७

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्न जूनमध्ये, शनिवारी. वार म्हातारीनंच ठरवला.

ट्रे गेल्या रविवारी परत आला. भांडं रिकामं पाठवणाऱ्यातली ती नाही. आत कापिरोतादा होतं, पाव, गूळ आणि दालचिनीचं ते उपासाचं गोड. मग आम्ही रिकामं कसं पाठवणार? अंपारोनं डाव्या हातानं भात केला. तो ट्रे बुधवारी त्यांच्याकडून गुळातल्या भोपळ्यानं भरून आला. आज सकाळी ओरालिया बीनचं पातळ घेऊन तो पुन्हा तिकडे पोचवून आली. म्हातारीनं तिला आत बोलावलं, स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसवलं आणि ट्रे कुठल्या फळीवर ठेवायचा ते दाखवलं. त्या फळीवर त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती.

तेव्हा आईच्या ट्रेची काळजी करू नकोस. मुलगी जाईल जूनमध्ये. ट्रे आधीच सासरी नांदायला लागलाय.

आभार मानून फेडता येतील असं काही नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुझा धाकटा,
एवारिस्तो