चार बोटं सागवान

७ डिसेंबर १९८१
वाशी डेपोजवळच्या अपंगांच्या संडासाच्या उताराला खरा खर्च किती आला? सिमेंट सोडा, ते सरकारी परमिटचं. माझी आठवड्याची झोप गेली आणि दात खाऊन खाऊन एक दाढ हलली. यंदाचं अपंग वर्ष संपायच्या आत खात्याच्या साहेबांना उद्घाटन हवंय. चूक निघाली तर ठेकेदारांच्या काळ्या यादीत टाकीन म्हणाले. मी घाबरत नाही. फक्त जेवण जात नाही.

८ डिसेंबर
नकाशा पुन्हा पाहिला आणि घाम फुटला. दाराला उंबरठाच नाही! विसरले साहेब, पण बोट माझ्याकडेच दाखवलं असतं. पदरचं सागवान घालून चार बोटं उंच बसवला. हमालीतून वर आलेला हा शिवराम बिनउंबरठ्याची चौकट सोडेल? बायकोनं, यशोदानं, हळदीकुंकू वाहिलं. संडासाला कधी वाहिलं नव्हतं बाई, म्हणून हसली. पण वाहिलं.

१० डिसेंबर
फीत मालतीबाई कापणार. साहेबांच्या टायपिस्ट, चाकाच्या खुर्चीवर असतात. भेटून आलो. फटकळ बाई. म्हणाल्या, शेठ, ऑफिसात मला जाता येईल असा संडास नाही, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. मूत्रपिंडं जातील म्हणतो डॉक्टर. त्या दिवशी प्यायले तर चालेल ना?
मी छाती ठोकली. म्हटलं, तांब्याभर पिऊन या, काम शिवरामचं आहे!
निघताना मागून हसू ऐकलं. माझे कान तिखट. कौतुकाचंच होतं.

१२ डिसेंबर
स्वप्नात चाक करकरलं. ठरवलं, खुर्ची आणून तपासायचं.

दुपारी
खुर्ची मिळाली नाही. भाजीची हातगाडी चढवली. दारापर्यंत लोण्यासारखी गेली. आत कशाला न्यायची? भाजीची गाडी, संडासात?

१४ डिसेंबर, संध्याकाळ
फीत. टाळ्या. खुर्ची झकास चढली. मग टक्.
सर्वांआधी मी ऐकलं. साहेबांनी उंबरठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  त्या नजरेपेक्षा शिव्या बऱ्या. यशोदा कानाशी कुजबुजली, कुंकू पुसू का?
मी पुढं झालो. म्हटलं, बाई, चौघं मिळून उचलतो. मालतीबाई म्हणाल्या, चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचंय शेठ, इथं नको.
उद्या पहिलं काम करवत.
शेवटी धीर करून विचारलं, बाई, ते तांब्याभर पाणी?
सकाळपासून घोटभरही प्यायल्या नव्हत्या.