कॅप्टन लोहमानचा क्रॉस

अल थुमामा, दोहा
८ मार्च २०१५

ती. हणमंतमामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? इथली थंडी संपली, एसीची घरघर सुरू झाली. हेमचंद्रांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. ईरा आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, पण ‘मामाआजोबा’ एवढं मात्र ठसक्यात म्हणते.

फोनवर तुम्ही विचारलंत, "जर्मनची नोकरी का सोडलीस गं?" मी म्हणाले, कंटाळा आला. ते खोटं होतं.

लुसैलला विश्वचषकासाठी नवं शहर उठतंय, तिथल्या ट्रामच्या कामावर मार्कस नावाचा इंजिनिअर आहे. त्याचे आजोबा, कॅप्टन लोहमान, हिवाळ्यापुरते आले होते. वय पंच्याण्णव. माझं काम एवढंच, दुपारी त्यांच्याशी जर्मनमधून बोलायचं, आणि सैन्यातल्या आठवणी सांगतील त्या रेकॉर्ड करायच्या. नातवाला त्यांच्यावर फिल्म करायची होती.

पहिल्या दिवशी मी सवयीने वाकून पाया पडले. एवढं वय, हात आपोआप गेले. म्हातारा गहिवरला.

मग रोज एक मोहीम. पोलंड, फ्रान्स, रशिया. दोन जखमा, बढत्या. शौर्याबद्दल मिळालेला, गळ्यात घालायचा तो क्रॉस टेबलावर ठेवून रुमालाने पुसत बसायचा. बोलायचा छान. मला आवडायला लागला होता, मामा.

ईरा विचारायची, "आई, इज ही अ नाझी?"

मी म्हणायचे, "सैनिक होता गं. तुझ्या पणजोबांसारखा."

मग इटली आली. आजोबा जिथे पडले, आजी दिवा लावताना ज्या नदीचं नाव घ्यायची, तीच नदी. तिचा काठ धरून ठेवला म्हणून क्रॉस मिळाला, असं त्याने सांगितलं. रेकॉर्डरकडे बोट करून म्हणाला, "मशीन बंद कर."

मी केलं.

"सकाळी चार हिंदी शिपाई जखमींसाठी स्ट्रेचर घेऊन आले. पुढच्याच्या हातात पांढरं फडकं होतं. मी गोळ्या घालायला सांगितलं."

"का?"

"वाटलं, त्यांच्या आडून बाकीचे येतील. कुणी आलं नाही." मग म्हणाला, "तू माझ्या पायांना हात लावलास, म्हणून तुला सांगवलं."

मामा, तुमचा जन्म व्हायच्या आत पलटणीतला माणूस आजीच्या दारात येऊन हेच सांगून गेला होता ना? स्ट्रेचर, पांढरं फडकं. फडकं धरणारा तो आपलाच माणूस होता की दुसऱ्या कुणाचा, मला माहीत नाही. मी शोधणारही नाही. मला हा म्हातारा पुरे आहे.

मी म्हणाले, "पुढचा होता तो माझ्या आईचा बाप."

त्याने क्रॉसवर रुमाल टाकला.

हेमचंद्र म्हणाले, "अगं, कधीही जाईल तो. विषय खलास कर ना आता." मी नाही केला. मी रोज गेले. तो मोहिमेचा विषय काढायचा, मी आजीचा. पोटात तुम्ही, आणि तिने फोडलेल्या बांगड्या. शाळेच्या पाटीवर बापाच्या नावाआधी ‘कै.’ लिहायला शिकलेले तुम्ही. मार्कसचा फोन आला, "नयना, ही इज नॉट ईटिंग." मला बरं वाटलं.

शेवटच्या दुपारी त्याने माझा हात धरला. "त्याचा मुलगा आहे ना? फोन लाव. एकदा माफी मागू दे. तू भाषांतर कर."

मामा, मी तुम्हाला ओळखते. बांधावरून कोर्टात खेचणाऱ्या चुलतभावालाही तुम्ही चहा पाजता. तुम्ही म्हणाला असता, "जाऊ द्या साहेब, लढाई होती ती." आणि तो हलका होऊन विमानात बसला असता.

म्हणून मी सांगितलं, "मुलगा वारला. बापाची वाट बघत वारला."

तो परवा जर्मनीला गेला. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्ही मागाल, मी देणार नाही. माफ करणं तुमच्या हातात होतं, ते मी काढून घेतलं. त्याबद्दल माझ्यावर रागवा, महिनोन्महिने बोलू नका. नंबर मिळणार नाही.

मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, म्हणतात. तुमचं वाढो. त्याचंही वाढो, असंच, माफीवाचून.

तुमचीच भाची,
नयना