ट्रामच्या रुळांवरची बाई

आये,

परवा नातीने एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. कुठल्यातरी परदेशातलं अंधारं शहर, गल्ल्यांतून हिंडणारी पिशाच्चं आणि त्यांचा छडा लावणारा एक फाटका माणूस. म्हणाली, "आजी, तुला नाही झेपायचं हे." मला हसूच आलं. तिला काय ठाऊक, मी असल्याच पुस्तकांवर वाढलेय. तीन दिवसांत संपवून परत दिली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वाचताना सारखी तुझी आठवण येत होती, म्हणून हे लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पुस्तकातला माणूस काही वेडेपणा करायला लागला की मी अजून मान वर करून बघते, तू आता काय म्हणशील म्हणून.

बा मुंबईला गोदीत कामाला होता. शिमग्याला, गणपतीला बोटीने घरी यायचा तेव्हा पिशवीत खाऊबरोबर फुटपाथवरून घेतलेलं एखादं जुनं पुस्तक असायचं, बहुतेक कव्हर नसलेलंच. त्या सगळ्या पुस्तकांचा नायक एकच, साहेब, पोलिसातून बाहेर पडलेला, गिरगावात एका छापखान्याच्या वरच्या खोलीत एकटा राहणारा. खून झाला की लोक पोलिसांकडे जायचे, आणि खुनी आधीच मेलेला निघाला की याच्याकडे यायचे. मी तेव्हा सातवीत. तू चुलीपाशी भाकऱ्या थापतेयस आणि मी उंबऱ्याला टेकून मोठ्याने वाचतेय. आपल्या गावात वीज नव्हती, आगरदांड्याच्या धक्क्यापलीकडे तू कधी गेली नव्हतीस, पण ट्राम कुठे वळते आणि कोणत्या गल्लीतला दिवा नेहमी विझलेला असतो, हे आपल्या दोघींना पाठ होतं. तुला अक्षर येत नव्हतं, पण साहेबाच्या चुका काढायला ते लागतही नव्हतं. त्या वर्षीच्या पुस्तकात एक बाई होती. ट्रामच्या रुळांवर तिची ओली पावलं उमटायची, आणि ती ज्याला दिसेल तो सकाळपर्यंत मेलेला सापडायचा. साहेब बॅटरी आणि पिस्तूल घेऊन तिच्या मागावर निघाला तशी तू तव्यावरची भाकरी विसरून माझ्याकडे वळलीस.

"पिस्तूल काय दावतो मेला? तिला काय पायजे, ते आदी इचार म्हनावं."

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी पानावर भाताचा गोळा दिसला. बाहेरचं काही गावात आलं की त्याचा वाटा त्याला द्यायचा, ही आपल्याकडची रीत. तू ती पुस्तकातल्या बाईलाही लावलीस. मी पोट धरून हसले.

पुस्तक निम्मं झालं आणि मला ताप भरला. दिवस हिवतापाचे होते, घरोघरी कुणी ना कुणी अंथरुणात. पण मी तापात बरळले ते नेमकं रुळांबद्दल, ती वळली, दार लावा, असं काहीतरी. मोठ्या काकाने ते ऐकलं. बा मुंबईत, त्यामुळे घरात काकाचा शब्द शेवटचा. त्याने सांगून टाकलं की ही पुस्तकातून आलेली बाधा आहे, पोरगी बरी झाली तरी आता पुस्तक नको आणि शाळाही नको. सातवीची फायनलची परीक्षा तोंडावर आली होती. गावातून त्या परीक्षेला बसणारी मी पहिली मुलगी. मी तुझ्याकडे बघितलं. थोरल्या दिरासमोर तू कधी तोंड उघडलं नव्हतंस, तेव्हाही पदर पुढे ओढून आत निघून गेलीस. मला तुझा इतका राग आला की ताप उतरल्यावरही मी तुझ्याशी धड बोलत नव्हते.

मग काकाने भगताला बोलावलं. तो पडवीत बसला, सुपात तांदळाचे दाणे टाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, बाई आलीय खरी, मुंबईहून बोटीनं आलीय. काकाची मान ताठ झाली. पण भगताचं बोलणं संपलं नव्हतं.

"अर्ध्यात टाकलीत तर ती हितंच ऱ्हाईल. जिनं वाचाया घेतली तिनंच शेवटपर्यंत वाचून तिला वाटेला लावायची. समद्यांच्या म्होरं."

भगताच्या शब्दापुढे काकाचं काही चालेना. जेवणं उरकल्यावर भर दुपारी सगळं घर पडवीत जमलं आणि मी वाचायला लागले. काका आधी माडांकडे तोंड करून बसला होता, जसा काही त्याचा संबंधच नाही. मग तो हळूहळू सरकत माझ्या जवळ आला. कुणी खोकलं की डोळे वटारू लागला. भगत साहेबावर वैतागून मधूनच पुटपुटायचा, की आता तरी नारळ ठेव. शेवटी कळलं, रस्ता रुंद करताना त्या बाईचं घर पाडलं होतं आणि ती तेच शोधत होती. साहेबाने पिस्तूल खिशात घातलं आणि विचारलं, बाई, तुम्हाला कुठे जायचंय? दाराआडून तुझा आवाज आला, अगदी हळू, "आता इचारलान." भगताने नारळ फोडला. काकाने घसा खाकरला आणि मला विचारलं, "या सायबाचं दुसरं पुस्तक हाय का?" घरात वाचता येणारी मी एकटी. पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले आणि कुणी अडवलं नाही. बा घरी आला की पुस्तक आणलंस का, हे काका पाणी द्यायच्या आधी विचारू लागला.

पुढे मी मुरुडला शिक्षिका झाले, तेवढं तू पाहिलंस. शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा मी किती वेळा रंगवून सांगितला असेल. तू गेल्यानंतरच्या जूनमध्ये भगत नातवाचं नाव घालायला माझ्या शाळेत आला. म्हातारा झाला होता. तुझा विषय निघाला तेव्हा म्हणाला, की काकाने बोलावण्याच्या आदल्या दिवशीच तू पायलीभर तांदूळ घेऊन एकटी टेकडी ओलांडून त्याच्याकडे गेली होतीस.

"मी सांगितलं तिला, हिवताप हाय, पुस्तकात कुठलं भूत. ती ऐकंना. सारखी मागं वळून बगत व्हती. म्हनली, भूत हाय, मला ठावं हाय. असूदे. माझ्या घरात ऱ्हाऊदे हवं तर, मी बघंन तिचं. पन पोरीची शाळा सुटता कामा न्हाय, तेवढं भावोजींना तुमी सांगा."

म्हणजे शेवटपर्यंत वाचायची तोड त्याने तुझ्या सांगण्यावरून काढली होती. त्याच्यासमोर मी कशीबशी नातवाचं नाव लिहून घेतलं. तोवर मला वाटत होतं की दिरासमोर नसलीस तरी भुताखेतांपुढे तू धीट होतीस. तू घाबरट होतीस, आये, आणि तरी त्या बाईला घरात ठेवायला निघाली होतीस. माझ्यासाठी याहून मोठं काही कुणी केलेलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, ते कपाटातच राहील. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तू गेल्यानंतर नोकरीची उरलेली सगळी वर्षं मी वर्गात मुलांना ठणकावून सांगितलं की भुतं नसतात. सांगताना दर वेळी मनातल्या मनात म्हटलं, एक तू सोडून.