आमचे हात शिका, मग घर घ्या

मी, सौ. काशी लडकू केणे, वय चौसष्ट, राहणार खारबाव, तालुका भिवंडी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कंबरेचं तेवढं सांगवत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायचा तो मीच टाकणार आहे, पुढे वाचा.

१. माझे पती लडकू (एरवी नाव घेत नाही, कागदासाठी घेतलं) यांचे कान पॉवरलूमच्या खडखडाटाने गेले. हे लूमवर, मी त्याच शेडच्या कोपऱ्यात कांड्यांवर सूत भरायला. त्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार? म्हणून आम्ही हातांनी बोलायला लागलो. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. मिशीवर बोट म्हणजे शेठ आला. छातीवर दोनदा थाप म्हणजे "आहेस ना?" आणि तशीच थाप परत मारली की "आहे."

लूम आठ महिने बंद पडले तेव्हा हे काल्हेरच्या गोदामात माल उचलायचे, मी धामणकर नाक्यावर भाजी विकायची. ट्रकच्या मागे उभे राहून जाताना हे छातीवर थापा मारायचे आणि मी हातातल्या मेथीच्या जुडीने उत्तर द्यायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई खुळी आहे. घरी नुसती पेज होती, पण खरं सांगते, तेव्हाइतकी मी कधी हसले नाही.

२. घर, म्हणजे दोन खोल्या आणि पडवी, माझ्या नावावर आहे. तो ह्यांचाच हट्ट. म्हणाले, "माजं मन दोस्तांफुडं पातल हाय, कुनी मागितलं तर घर पन देऊन टाकीन. नाव तुजंच लाव." माझ्यामागे हे असेपर्यंत घर ह्यांचं. नंतर मुलगा विपुल आणि मुलगी भाविका यांना निम्मं निम्मं, पण एका अटीवर.

गेल्या दिवाळीत माझी कंबर मोडली तेव्हा विपुल म्हणाला, "बाबा माझ्याकडे राहतील, तू भाविकाकडे जा. कुणालाच जड नको." अरे वा रे वा! आम्ही काय पितळेची भांडी, वाटून घ्यायला? माझ्याशिवाय ह्यांच्याशी बोलणार कोण? त्या दिवशी मी खूप रडले, तेही इथे लिहून ठेवते.

तर अट अशी. आम्ही दोघं जिवंत असेपर्यंत एकाच छपराखाली राहणार. आणि दोन्ही मुलांनी दर रविवारी येऊन माझ्याकडून आमचे हात शिकायचे. परीक्षा ह्यांनी घ्यायची. जो नापास होईल त्याचा वाटा दुसऱ्याला. सुरुवात झाली आहे. गेल्या रविवारी विपुलला विचारायचं होतं "जेवलात का?" आणि त्याने केलं "शेठ आला." हे सवयीने ताडकन उठून उभे राहिले.

३. माझी मोहनमाळ सून रीमाला. कुणी न सांगता तिने "चहा ठेवू का?" एवढं बघून बघून उचललं. नणंद रंगूबाई माझ्या हळदीच्या दिवशी म्हणाल्या होत्या, "पोरगी जराशी कालीच हाय." त्यांना माझा मोठा आरसा द्यावा.

४. मी गेल्यावर रोज संध्याकाळी कुणीतरी ह्यांच्या समोर बसून छातीवर दोनदा थाप मारायची. उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. रागात असले की उशिरा देतात, पण चुकवलेलं कधी नाही.

हा सगळा मजकूर मी ह्यांना हातांनी सांगितला. चौथ्या कलमाला हे भडकले. "आधी मी जानार!" मी म्हटलं, ते तुम्ही कोण ठरवणार? भांडण एवढं रंगलं की साक्षीदारांचा चहा गार झाला. शेवटी हे भिंतीकडे तोंड करून बसले. बघायचंच नाही म्हणजे ऐकायचं नाही, हा ह्यांचा जुना डाव. मी काठी टेकत भिंतीपाशी गेले, ह्यांच्या समोर उभी राहिले आणि छातीवर दोनदा थाप मारली.

उत्तर आलं. मग मी सही केली.

सही : काशी लडकू केणे

साक्षीदार : १. चांगदेव तरे, शेजारी २. चंद्रा भोईर, कांडीवरची मैत्रीण

मुक्काम खारबाव, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५