व्याह्यांचा चहा आणि माझी दोन बोटं

स्वातौ (चीन), छत्र्यांच्या दुकानातून

थोरले मेहुणे किम-सूंगदादा यांना धाकटा मेहुणा बुन-हेंग याचा वाकून नमस्कार.

बँकॉकमध्ये तुमचा गुडघा बरा असेल, वहिनींची साखर आटोक्यात असेल आणि नातवंडं तुम्हाला न जुमानता मजेत असतील, अशी आशा करतो. फोनवर आपलं बोलणं हवापाण्याच्या पुढे सरकत नाही (तुमची बहीण फोन हातात आला की एक तर रडते, नाहीतर मासळीचे भाव सांगते), म्हणून हे पत्र.

इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. मध्यंतरी माझं काळीज छातीत बेडकासारखं उड्या मारू लागलं, रात्री डोळ्याला डोळा लागेना, म्हणून डॉक्टर हेंगकडे गेलो. त्यांनी विचारलं, दिवसाला चहा किती? आता हा काय प्रश्न झाला? आपल्याकडे श्वास कोणी मोजतं का? त्यांनी नाडी बघता बघता मला कडक चहा ओतला, मी घेतला, पुन्हा ओतला, मी पुन्हा घेतला, आणि मग म्हणाले, उद्यापासून चहा बंद. (त्यांचंही काही चुकलं नाही. माणूस दारात आला की आधी चहा, रोग मागाहून.)

केला बंद. पहिले काही दिवस डोकं असं ठणकलं की गिऱ्हाइकांवर खेकसलो, आणि दुपारी छत्र्यांच्या ढिगावर घोरत पडलो. टेबलावर चहाचं ताट दिसेना, तेव्हा शेजाऱ्यांनी परस्पर ठरवलं की माझं दिवाळं निघालं; एक जण तर दुकान विकणार का म्हणून विचारून गेला. पण हळूहळू बेडूक शांत झाला, झोप लागू लागली, आणि मी दिसेल त्याला चहाचे तोटे ऐकवू लागलो. तुमची बहीण गेक-लान म्हणते, तुम्ही चहा प्यायचात तेच बरं होतं, निदान तोंड भरलेलं असायचं.

अशात आपल्या उई-बेंगने मुलगी पसंत केली. सुई-हुआ तिचं नाव. पोरगी लाखात एक, त्याबद्दल शब्द नाही. पण तिचे वडील लिम तियाक-गुआन यांचे फंगह्वांग डोंगरात चहाचे मळे! जगात माणसं मीठ विकतात, मासे सुकवतात, बूट शिवतात, आणि आमच्या चिरंजिवांना सापडली ती नेमकी चहावाल्याची मुलगी.

बोलणी करायला लिमशेठच्या घरी निघताना गेक-लानने बजावलं, कप तोंडाला लावायचा नाही, नुसता समोर ठेवायचा. लिमशेठनी ओतलं, मी हात लावला नाही. चहा निवला म्हणून त्यांनी तो टाकून दिला आणि गरम भरला. पुन्हा निवला, पुन्हा टाकला, पुन्हा भरला. होता होता त्यांचा चेहरा उतरला, आणि उई-बेंग माझ्याकडे असा बघू लागला की मला त्याचं बाळपण आठवलं. पोराचं लग्न अंगठ्याएवढ्या कपात बुडत होतं, दादा. मी उचलला आणि प्यायलो. काय चहा होता! (त्याचं नाव 'बदकाची शीट'. नावावर जाऊ नका. तो वास घशात संध्याकाळपर्यंत राहतो, आणि राहावा असंच वाटतं.)

घाटात गाडी लागते म्हणून मी सकाळपासून उपाशी, त्यात सवय मोडलेली. चहा थेट हातात उतरला. बोटं थरथरू लागली, ती लपवायला टेबलावर टेकवली, तर तिथे टकटक वाजू लागली. आता चहा ओतणाऱ्याचे आभार आपण दोन बोटं वाजवूनच मानतो (एवढं तरी बँकॉकने तुम्हाला विसरायला लावलं नसेल). लिमशेठना वाटलं, काय रसिक व्याही मिळाला! त्यांनी ताबडतोब कप भरला. मी प्यायलो, बोटं आणखी जोरात वाजली. ते गहिवरले आणि आतून त्याहून जुन्या झाडाचा चहा घेऊन आले. गेक-लान टेबलाखालून माझी नडगी फोडत होती. माझी जीभही सुटली होती. आपल्या घराण्याच्या, छत्र्यांच्या आणि मुख्यतः तुमच्या थोरवीबद्दल मी काय काय बोललो, देव जाणे.

सुई-हुआच्या मात्र ध्यानात आलं. वडिलांच्या हातून किटली घेऊन तिने माझ्या कपात गुपचूप नुसतं गरम पाणी ओतलं. पण चहावाल्याची नजर ती!

"माझ्या घरात पाहुण्याला पाणी?" लिमशेठ गरजले.

"बाबा, त्यांचे हात तर बघा! तुम्ही ओतताय आणि ते बिचारे मरायला टेकलेत."

सगळे माझ्या हातांकडे बघू लागले. ते अजून आभार मानतच होते. मग मी बेडकापासून सगळं सांगून टाकलं. लिमशेठनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "चहा न पिणारा व्याही! गावात तोंड कुठे लपवू मी?" तेवढ्यात कोपऱ्यातून त्यांची म्हातारी आई हसली. "अरे, पोरगी आत्ताच सासऱ्याची बाजू घेतेय. आता काय तिला घरात ठेवून घेतोस?"

तर लिमशेठनी होकार दिला, पण अट घालून. साखरपुड्याला ते पणजोबांच्या झाडाचा चहा काढणार, आणि तो वरपक्षाकडच्या कोणातरी मोठ्या माणसाने तीन कप प्यायलाच हवा. नाहीतर सोयरीक नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, नातवंडांच्या गालाला चिमटे.

तुमचा,
बुन-हेंग

ता. क. : मुद्दा राहूनच गेला. मोठा माणूस कोण, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मुलाचा मामा. आकाशात मेघांचा देव, जमिनीवर मामा, ही म्हण ऐकवली तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला. साखरपुडा पुढच्या पौर्णिमेला आहे. तुम्ही आला नाहीत, तर उई-बेंगचं लग्न राहिलं.

ता. क. दुसरा : तुमचाही चहा डॉक्टरांनी बंद केलाय, हे वहिनींनी कळवलं आहे. तीनच कप आहेत, दादा. पोटभर भात खाऊन बसा. छाती धडधडलीच तर शेजारी मी आहे, मला अनुभव आहे.

ता. क. तिसरा : तुमची बहीण म्हणते, दादाला गळ घालू नका, आई गेल्यापासून तो आला नाही, त्याची काही अडचण असेल. असं म्हणत म्हणत तिने तुमच्यासाठी रजई उन्हात घातली. मी म्हटलं, अगं, त्या चहाने त्यांना चार रात्री झोप लागायची नाही, रजई कशाला? तर म्हणाली, बरंच आहे की. येऊन येऊन चार दिवस येणार, ते झोपेत कशाला घालवायचे?