चौतीस, पण कुठले?

४ एप्रिल, शनिवार
पप्पांचा अ‍ॅम्प्लिफायर गेला. ट्रान्सफॉर्मर जळाला, घरभर करपट वास. फ्यूज सारखा उडतो म्हणून पप्पांनीच त्यात जाड तार घातली होती. विचारलं तर म्हणे, "दोनशे वॅटचा सेट आहे, फ्यूज पुरत नव्हता." परत तेच दोनशे! किती वेळा सांगितलं, मागच्या पट्टीवर छापलंय ते वीज खायचं माप आहे. स्पीकरला एका बाजूला चाळीसच मिळतात, तेही कसेबसे. "जेवतो किती न् राबतो किती, यात फरक असतो पप्पा." त्यावर, "तू मला शिकवू नकोस." अरे राव, चाकणला आठ तास पॉवर सप्लायच तपासतो मी!
जयंती १४ला. विहारात यंदाही आपलाच सेट लागणार, असा शब्द पप्पांनी मंडळाला दिलाय. मंडळ डीजेवाल्याचं म्हणत होतं, पप्पांनी भांडून थांबवलं.

५ एप्रिल, रविवार
ट्रान्सफॉर्मर घेऊन पिंपरी कॅम्पात वाइंडिंगवाल्या चाचांकडे. म्हणाले, "ठेवून जा. तारेचे जुने वेढे मोजून तसाच भरतो." म्हटलं, "मोजत काय बसता चाचा, सेट चांगला असताना मोजून वहीत लिहिलंय मी. चौतीस-शून्य-चौतीस व्होल्ट." चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "पक्कं?" "टेस्टिंगवाला आहे मी." लिहून घेतलं. बुधवारी देणार.

८ एप्रिल, बुधवार
ट्रान्सफॉर्मर आणून बसवला. वाजला! आवाज चढाच. पप्पा खूश, "आता खरे दोनशे झाले बघ."
मीटर लावला. मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे एसीचा डीसी होऊन साठतो तिथं, ४७ व्होल्ट. हवे होते ३४. वही काढली. ३४, माझंच अक्षर, पुढं बारीक: कपॅ.वर. म्हणजे डीसी! कंपनीत आमच्या टेस्टिंग लाइनवर व्होल्ट म्हटलं की डीसीच, दुसरं कुणी बोलतच नाही. ट्रान्सफॉर्मर एसी देतो, म्हणून चाचांचा व्होल्ट एसी. एसीचा डीसी होताना आकडा १.४ पट चढतो, चौतीसचे सत्तेचाळीस होणारच. चोवीस सांगायला हवे होते. आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात हे. गाढव आहे मी.
कपॅसिटरवर मर्यादा ५० छापलीय. ४७ त्याच्या आत आहे. चालेल. चालायला पाहिजे.
पप्पांना बोललो नाही.

९ एप्रिल, गुरुवार
सुट्टी. एमआयडीसीतले कारखाने बंद, त्यामुळे घरच्या विजेला २३०च्या जागी २५२ व्होल्ट. आमच्या रहाटणीत गुरुवारी असंच असतं. पप्पा भाजी आणायला गेल्यावर सेट लावून बघितला. कपॅसिटरवर ५२. छापील मर्यादेच्या वर! पिनच उपटली.
१४लाही सुट्टी. म्हणजे वीज अशीच चढणार.
कपॅसिटर मोठे टाकता येतील, पण जुने ट्रान्झिस्टर एवढे व्होल्ट झेलायचे नाहीत. ते आता मिळतही नाहीत.

१० एप्रिल, शुक्रवार
शिफ्ट सुटल्यावर चाचांकडे. चूक सांगितली. हसले नाहीत, तेच जास्त लागलं. "जादा वेढे काढून देतो. पण वार्निश वाळायला हवं. पंधरा तारखेच्या आत नाही."
घरी आलो तर पप्पा मंडळाच्या अध्यक्षांशी फोनवर. "आमच्या पोरानं केलाय. कंपनीत तेच काम करतो ना तो!" शप्पथ, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ एप्रिल, रविवार
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा सेटला खेटून बसतात. पुढं सगळी लहान मुलं. तुमचं नाक वर राहावं म्हणून त्यांनी भाजून घ्यायचं का?" तिच्यावरच ओरडलो. बरोबर तिचंच होतं.
उद्या बोलतो.

१३ एप्रिल, सोमवार
संध्याकाळी चहा झाल्यावर सांगितलं. "पप्पा, आकडा मी चुकीचा दिला. उद्या सेट लावू नका. कपॅसिटर फुटेल, आगही लागेल."
"वाजतोय की चांगला."
"वाजतोय. पण धोक्याचं आहे. बुधवारपासून माहितीय मला."
बुधवार म्हटल्यावर पप्पांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कंपनीत असला पीस आला, तर पास करतोस?"
"नाही."
"मग घरचा कसा केलास?"

मंडळाची गाडी सकाळी नऊला येणार. पप्पा अजून सेटसमोरच बसलेत. सेट येणार नाही म्हणून कळवायला त्यांनी अध्यक्षांचा नंबर काढलाय. अजून लावलेला नाही.